लांब केसांचा ससा घरी आणलाय? या चुका टाळा (माझ्या करून झाल्यात)

पिंजू आमच्याकडे आला तेव्हा मार्च संपत आलेला. बिल्डिंगमधल्या एका कुटुंबाची बदली झाली, ससा नेणं शक्य नव्हतं, म्हणून पिंजरा आणि अर्धी पिशवी पेलेट्स (दुकानात मिळणारं गोळ्यांचं खाद्य) घेऊन साहेब थेट आमच्या हॉलमध्ये. अंगोरा जातीचा, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या गोळ्याला कान लावलेत असं ध्यान, म्हणून नाव पिंजू.

पहिल्याच दिवशी होता होता राहिलेली चूक म्हणजे अंघोळ. मागच्या बाजूला केस पिवळट झालेले, वास येत होता, म्हटलं कोमट पाण्यात बुचकळून काढू. नशीब डॉक्टरांना आधी फोन केला, ते जवळजवळ ओरडलेच. सशाला पाण्यात घातलं की तो इतका घाबरतो की धक्क्याने जीवही जाऊ शकतो, आणि हे दाट केस आतून तासन्‌तास ओले राहतात ते वेगळंच. घाण झालेल्या जागी कॉर्नफ्लोर चोळायचं, बोटांनी गुंता मोकळा करायचा आणि कंगवा फिरवायचा, बस. मागचा भाग मात्र रोज बघा. तिथे घाण चिकटून राहिली की माशा अंडी घालतात, आणि त्यातनं अळ्या झाल्या की दिवसभरात ससा हातचा जातो.

दुसरी चूक कात्रीची, आणि ही मी खरंच केली. कानामागे केसांची गाठ झाली होती, म्हटलं एक कट मारला की काम झालं. सशाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ असते, गाठ वर ओढली की तिच्याबरोबर कातडीही तंबूसारखी वर येते, आणि कात्री लागते ती त्या तंबूला. अर्धा इंच कापलं गेलं, रक्त फार आलं नाही पण माझे हात नंतर कितीतरी वेळ थरथरत होते. आता गाठीच्या खाली आधी कंगवा सरकवते, म्हणजे कातडी कंगव्याच्या खाली राहते आणि कात्री वर. किंवा मग सरळ डॉक्टरांकडे ट्रिमर. तळपायाचे केस मात्र कापू नका, सशाला कुत्र्या-मांजरासारख्या पायाला गाद्या नसतात, ते केसच त्याची चप्पल. म्हणूनच जाळीच्या तळाचा पिंजराही नको, पायाला जखमा होतात.

आता मुख्य गोष्ट. ससा दिवसभर स्वतःला चाटतो, म्हणजे केस पोटात जाणारच, आणि सशाला उलटी करता येत नाही. मांजर केसांचा गोळा ओकून मोकळी होते, याला तो मागच्या दारानेच बाहेर काढावा लागतो. त्यासाठी पोट सतत चालू पाहिजे, आणि पोट चालू ठेवतं ते गवत. मी काय करत होते? गाजर, पेलेट्स, मध्येच बिस्कीट. गवत नावाला. वाळलेल्या गवताला इंग्रजीत ‘हे’ (hay) म्हणतात, म्हणून दुकानात जाऊन विचारलं, ‘हे आहे का?’ तर तो म्हणतो, ‘हे म्हणजे काय?’ शेवटी वाळलेलं गवत असं स्पष्ट सांगितल्यावर टिमोथी नावाच्या गवताची पिशवी निघाली. रोजच्या खाण्यातला साधारण ८० टक्के भाग गवत हवं. गाजर म्हणजे मिठाई, एखादी चकती पुरे. आणि लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, कॅल्शियम फार.

पोटाचा रिपोर्ट रोज सकाळी लेंड्यांत वाचायचा. हसू नका! चांगली लेंडी गोल, कोरडी, चुरडली तर आत गवताचा भुसा दिसतो. एके सकाळी बघते तर लेंड्या केसांत ओवलेल्या, अगदी माळ, दोन टोकं धरून उचलली तर सात-आठ लोंबकळत वर आल्या. म्हणजे केस जास्त जातायत आणि गवत कमी. तेव्हाच विंचरणं आणि गवत दोन्ही वाढवायचं. मी दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी पिंजू कोपऱ्यात पाठ काढून बसला, दात करकर वाजवत, कोथिंबिरीलाही तोंड लावेना. सशाने १०-१२ तास काही खाल्लं नाही, लेंडी नाही, तर उद्या बघू म्हणायचं नाही, रात्र असली तरी डॉक्टर गाठायचा. अननसाचा रस पाजा, केस विरघळतात असं कुणीतरी सांगेलच, मलाही तिघांनी सांगितलं. केस काही विरघळत नाहीत, साखर तेवढी पोटात जाते. आणि पोट फुगलेलं असेल तर तपासणीआधी जबरदस्तीने भरवूही नका.

उन्हाळा हा या जातीचा खरा शत्रू. आपल्याकडे अंगोरा पाळतात ते कुलू-मनालीकडे, लोकरीसाठी, आणि आपण त्याला एप्रिलच्या पुण्यात बाल्कनीत ठेवतो. ३० च्या वर पारा गेला की काळजी घ्या. केस दोनेक सेंटीमीटर ठेवून कापून घ्या, फरशीवर बसू द्या, गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा, कानांना ओलं बोट फिरवा. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर तो उष्माघात. गार पाण्यात बुडवायचं नाही, कान ओले करत करत दवाखान्यात पळायचं.

कुत्र्याचा पिसवांचा स्प्रे सशाला मारू नका, त्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक असेल तर जिवावर बेततं. घरातलं अँटिबायोटिकही नको, तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाचं पोट उद्ध्वस्त करतं. चार्जरच्या वायरी उचला, हे सांगायला नको, पण मी तीन चार्जर गमावलेत.

आणि एक, केसांमुळे ससा बारीक झालाय हे दिसतच नाही. वरून तोच गुबगुबीत गोळा, हात आत घातला की कणा बोटांना टोचतो. आजारपणात पिंजू १ किलो ९०० वर आला होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता. आता दर रविवारी कणीक मोजायच्या काट्यावर टोपली ठेवून त्यात बसवते. काल २ किलो ३५० होता, त्यातले पन्नासेक ग्रॅम तोंडात धरलेल्या कोथिंबिरीच्या जुडीचे असतील.