काचेवरचं चित्र भट्टीत भाजताना: पहिले ४८० अंश घाई करू नका

‘रंगवून झालं की ओव्हनमध्ये १५० अंशांवर अर्धा तास ठेवा’ हा सल्ला अ‍ॅक्रिलिक रंगांपुरता आहे. तो रंग काचेवर नुसता बसतो, नखाने खरवडला की सुटतो. काचेशी एकजीव होणारा रंग हवा तर काचेचा इनॅमल, म्हणजे भट्टीत वितळणारी रंगीत काचेची पूड, आणि भट्टी, दुसरा मार्ग नाही.

काच साधी ४ मिमीची फ्लोट, म्हणजे खिडकीला असते तशी सपाट, घ्या. तिच्या एका बाजूला कथिलाचा न दिसणारा अंश असतो. शॉर्टवेव्ह यूव्ही दिव्याखाली ती बाजू दुधाळ चमकते. काही रंग तिथे पिवळट होतात, म्हणून रंगवायचं दुसऱ्या बाजूवर. पूड कालवताना मास्क लावा. बऱ्याच इनॅमलमध्ये शिसं असतं, त्यामुळे खाण्याच्या भांड्यांना हे रंग नकोतच. कॅडमियमचे लाल-केशरी त्यांत मिसळले तर काळवंडतात.

पूड पाणी आणि चिमूटभर डिंकात घोटा. डिंकाचं प्रमाण चमच्याने ठरत नाही, बोटाने ठरतं. वाळलेल्या रंगावरून बोट हलकेच फिरवा. थोडी धूळ लागली तर बरोबर. सगळाच रंग निघाला तर डिंक कमी. काहीच लागलं नाही तर डिंक जास्त, आणि तो रंग भट्टीत पापडासारखा फुगून उचलला जाणार. पुसा आणि पुन्हा रंगवा, ‘चालून जाईल’ म्हणू नका.

बहुतेक काम बिघडतं ते इथून पुढे. डिंक आणि ओल निघून जायच्या आत भट्टीचं झाकण बंद केलं तर धूर आतच कोंडतो. रंग राखाडी होतो, लाल मळकट दिसतो. बडोद्यात जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर वाळवलेला रंगसुद्धा हवेतली ओल धरून ठेवतो. म्हणून पावसाळ्यात ९० अंशांवर तासभर थांबा. झाकणाच्या फटीसमोर चिमट्यात धरून गार काचेचा तुकडा न्या. त्यावर वाफ धरली तर अजून थांबा. मग ताशी १५० अंशांच्या वेगाने वर जा, पण झाकण २ सेंमी उघडंच. ४८० अंशांवर जळकट वास पूर्ण थांबल्यावरच ते बंद करायचं. यात वाचवलेला अर्धा तास अख्खं चित्र खातो.

पुढे ६५० अंशांपर्यंत न्या, १० मिनिटं धरा. रंग ओला असल्यासारखा चकाकला की झाला. रंगागणिक हे तापमान बदलतं, तेव्हा आधी त्याच काचेच्या तुकड्यावर भाजून पाहा. ७०० अंशांच्या पुढे कडा गोल होतात, काच खालच्या भट्टीतल्या फळीच्या खोलगटात बसते.

उतरताना ५५० अंशांवर ३० मिनिटं, मग ताशी ८० अंशांनी ४०० पर्यंत, त्यानंतर भट्टी बंद. मधेच वीज गेली तर झाकणाला हात लावू नका. ती आली की ५५० वर परत नेऊन तिथूनच सुरू करा. ५० अंशांखाली आल्यावरच उघडा.