डायलिसिसवरच्या माणसाचं पोटॅशियम घरात कसं सांभाळावं

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायची आपल्याकडे पद्धत नाही. शहाळं, जालन्याची मोसंबी, अर्धापूरची डझनभर केळी, हंगाम असेल तर बीडकडची सीताफळं. माणूस डायलिसिसवर असेल तर ही अख्खी पिशवी चुकीची आहे. एका मोठ्या शहाळ्याच्या पाण्यात ५००-६०० मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं, आणि अशा पेशंटला दिवसभराची मर्यादा साधारण २००० ते २५०० मिलिग्रॅमची घालून देतात.

निरोगी किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे रोजच्या रोज बाहेर टाकते. डायलिसिसचं यंत्र तेच काम आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास करतं. मधल्या दिवसांत खाल्लेलं साठत राहतं. रक्तात ३.५ ते ५ हे नेहमीचं प्रमाण (रिपोर्टवर mEq/L किंवा mmol/L असं लिहिलेलं असतं). डायलिसिसच्या आधी ५.५ पर्यंत डॉक्टर बहुतेकदा चालवून घेतात. ६ च्या पुढे गेलं की हृदयाचे ठोके बिघडायचा धोका वाढत जातो, आणि तोवर पेशंटला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. तेव्हा ‘मला काही होत नाही’ या बोलण्यावर विसंबू नका.

आधी आकडा विचारा

दर महिन्याच्या रक्ततपासणीत पोटॅशियम किती आलं ते विचारून वहीत तारखेसह लिहा. रक्त डायलिसिस सुरू होण्याआधी काढलेलं असावं. आकडा अचानक फार वर गेला तर रक्त काढताना पेशी फुटल्यामुळेही तसं दिसू शकतं. पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं. तपासणी पुन्हा होईपर्यंत आकडा खराच आहे असं धरून चाला.

भाजीचं पाणी ओता

खरं काम इथं आहे. बटाटा, रताळं, शेवग्याच्या शेंगा, पालक, चुका, अंबाडी, टोमॅटो यांत पोटॅशियम जास्त. दुधी, दोडका, पडवळ, कोबी, काकडी यांत कमी. रोजच्याला दुसऱ्या गटातल्या भाज्या ठेवा. पहिल्यातली करायचीच असेल तर अशी करा: साल काढा, बारीक फोडी करा, मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन उकळा, ते पाणी ओतून द्या आणि मग फोडणी घाला. बटाट्याला दोनदा पाणी बदललं तर आणखी बरं. फोडी रात्रभर नुसत्या भिजत घालून फार काही साधत नाही. पोटॅशियम निघतं ते उकळल्यानं, आणि पाणी फेकल्यानं. कुकरमध्ये थोड्या पाण्यात शिजवून तेच पाणी रश्श्याला वापरलं तर सगळं परत ताटात येतं.

डाळ मात्र पूर्ण तोडू नका. डायलिसिसमध्ये प्रथिनंही वाहून जातात, त्यामुळे या माणसाला ती इतरांपेक्षा जास्तच लागतात. वाटी ठरवून घ्या, आणि चालत असेल तर अंड्याचा पांढरा भाग द्या. त्यात पोटॅशियम कमी. ज्वारीची भाकरी सोडून पोळीवर येण्यात काही मिळत नाही, दोन्हींत पोटॅशियम जवळपास सारखंच. भातात ते कमी असतं. शेंगदाण्याचं कूट आपल्याकडे प्रत्येक भाजीत पडतं, तिथे हात आखडता घ्या. गुळाचा चहा पेशंटला ‘पौष्टिक’ म्हणून देऊ नका.

मिठाचं एक दुखणं वेगळंच आहे. बीपीसाठी मीठ कमी करा म्हटलं की घरचे कौतुकानं ‘लो सोडियम’ मीठ आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. साधंच मीठ वापरा, पण कमी. गव्हांकुराचा रस आणि कुणीतरी सांगितलेले काढे यांनाही हात जोडा.

उपवास आणि ऊन

आषाढी, श्रावणी सोमवार, नवरात्र. उपवासाचं ताट म्हणजे बटाटा, रताळं, शेंगदाणे, केळी, खजूर. साबुदाणा आणि भगर त्यामानानं निरुपद्रवी. बटाटा न घालता, कूट नावापुरतं घालून खिचडी होते. निर्जळी किंवा दिवसभर काही न खाता राहणं मात्र नकोच. पोट फार वेळ रिकामं राहिलं की इन्शुलिन उतरतं आणि पेशींतलं पोटॅशियम रक्तात येतं, म्हणजे न खाताही ते वाढतं. रमजानच्या रोजाबद्दलही डॉक्टरांशी आधी बोला. इफ्तारच्या खजुरांचाही हिशोब करावा लागतो.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की मोसंबीचा रस आणि शहाळं हे घरोघरचे उपाय. पाकिटातल्या ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं. तहान लागली तर ठरलेल्या पाण्यातलाच घोट, नाहीतर बर्फाचा एखादा खडा चघळायला द्या. फळ हवंच असेल तर सफरचंदाच्या दोन-चार फोडी किंवा मूठभर जांभळं.

डायलिसिसची पाळी चुकवू नका

पोटॅशियम जीवघेणं वाढण्याचं मोठं कारण म्हणजे चुकलेला डायलिसिस. पेरणी, लग्न, पुरामुळे बंद पडलेली एसटी. जाता येणार नाही असं दिसलं तर सेंटरला फोन करून पाळी एक दिवस अलीकडे घ्या, आणि मधल्या मोठ्या खंडात खाण्याला सगळ्यात जास्त आवर घाला. पैशांसाठी चुकत असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतो. सरकारी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

बद्धकोष्ठ अंगावर काढू नका. किडनी थकल्यावर बरंचसं पोटॅशियम शौचावाटे जातं. बीपीच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोननं, ते वाढू शकतं. गोळी मनानं बंद करायची नाही, पण चिठ्ठी किडनीच्या डॉक्टरांना दाखवायची. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणायच्या नाहीत.

ही लक्षणं दिसली तर

पायांतलं बळ गेल्यासारखं वाटणं, मुंग्या, धडधड, नाडी मंद होणं, धाप लागणं, चक्कर. यातलं काही झालं, विशेषतः डायलिसिसची पाळी चुकलेली असताना, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. डायलिसिसचं सेंटर दूर असेल तर आधी ईसीजी निघतो अशा जवळच्या दवाखान्यात जा. दारातच सांगा: ‘डायलिसिसचा पेशंट आहे, पोटॅशियम वाढलं असेल, ईसीजी काढा.’ तिथे कॅल्शियमचं इंजेक्शन हृदयाला सांभाळतं, ग्लुकोजसोबत दिलेलं इन्शुलिन पोटॅशियम काही तासांपुरतं पेशींत ढकलतं. पण अंगातून ते त्यामुळे बाहेर जात नाही. बरं वाटलं म्हणून घरी परतू नका. तिथूनच डायलिसिसला जा, फाइल आणि औषधांची पिशवी सोबत घेऊन.