खरखरीत अक्षरं: घरी कशी करायची, मुलाला कशी द्यायची

१९०७ साली इटालियन डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉण्टेसरींनी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत बालघर सुरू केलं. तिथली चार-पाच वर्षांची मुलं वाचण्याआधी लिहू लागली, कारण पेन्सिल हाती येण्याआधीच बोटांना अक्षराचं वळण ठाऊक झालेलं होतं. त्यासाठीचं साधन म्हणजे खरखरीत अक्षरं: पॉलिश पेपर (सँडपेपर) कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली, बोट फिरवायची अक्षरं. तयार संच महाग पडतो. पण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी गावात बालवाडी चालवली ती शंख-शिंपले, बिया, खडे घेऊनच.

हार्डवेअरच्या दुकानातून १२० नंबरचा पॉलिश पेपर आणा; नंबर जितका कमी तितका कागद खरखरीत. ६० नंबरचा बोट खरवडतो, मग मूल हात लावत नाही. ४०० चा बोटाला जाणवतच नाही. ९ × ११ इंची एका पानात ९ सेंमी उंचीची सहा अक्षरं बसतात.

साध्या कागदावर एकसारख्या जाडीचं, साधारण १ सेंमी रुंद रेघेचं अक्षर काढून कापा. हा नमुना पॉलिश पेपरच्या पाठीवर पालथा ठेवून गिरवा. इथेच बहुतेकांचं चुकतं: सुलटा ठेवला की अक्षर उलटं निघतं आणि पान वाया जातं. मग कापा; कात्री जुनी घ्या, धार जाते. म, व, ब यांच्या पोटातली जागा कटरनं काढा. स्वर निळ्या पुठ्ठ्यावर, व्यंजनं गुलाबी. फेव्हिकॉल कडेपर्यंत लावून रात्रभर वजनाखाली ठेवा, नाहीतर टोकं उचकटतात.

आता पाठ. मुलाचं वय साडेतीन-चार. कोमट पाण्यानं बोटं धुवायची. एका वेळी दोन-तीनच अक्षरं, दिसायला नि ऐकायला वेगळी: ग, ट, स. घ-ध, भ-म, प-ष शेजारी नकोत.

लिहित्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट अक्षरावरून हलकं फिरवा, शिरोरेघ शेवटी, आणि म्हणा ‘ग’. ‘गणपतीचा ग’ नको. मूल गणपतीच लक्षात ठेवतं. मग मूल फिरवेल. हा पहिला टप्पा. दुसरा: ‘ट दाखव’, ‘स माझ्या हातात दे’. यावर सर्वांत जास्त वेळ द्या. तिसरा: ‘हे काय?’ हे तीन टप्पे मॉण्टेसरींनी सेगँ या फ्रेंच डॉक्टरांकडून घेतले.

उत्तर चुकलं तर ‘चूक’ म्हणू नका, पाठ तिथेच आवरा. उद्या पुन्हा पहिल्या टप्प्यापासून. अक्षरं बोटात बसली की ताटात रव्याचा पातळ थर पसरून त्यात बोटानं लिहायला द्या.