टॅरेंट्युला नव्या पेटीत रुळत नाही? या चुका टाळा

नव्या पेटीत सोडलेला टॅरेंट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, कोपऱ्यात अंग चोरून बसतो, खात नाही, रात्रभर काचेवर चढतो. ते बघून पाळणाऱ्याचा जीव वर-खाली होतो आणि तो पुन्हा पुन्हा झाकण उघडतो. बहुतेक वेळा घोळ इथूनच सुरू होतो. या कोळ्याची नजर अधू असते. भोवतालचा अंदाज तो पायांवरच्या केसांना जाणवणाऱ्या कंपनांवरून घेतो. प्रत्येक धक्क्यासरशी त्याची बिथरायची पाळी येते. कोणी दोन-तीन दिवसांत स्थिरावतो, कोणाला महिनाही लागतो.

काच सोडतच नसेल तर आधी माती तपासा. कोरड्या भागातल्या प्रजातींना ओलं कोकोपीट (मातीऐवजी वापरतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा) अजिबात खपत नाही. नीट पाहिलंत तर दिसेल, पुढचा पाय खाली टेकवतो आणि लगेच उचलून घेतो. भिजवलेलं कोकोपीट तसंच पेटीत भरणं ही मला सर्वांत जास्त दिसणारी चूक. ते पसरून वाळवा, दाबून भरा, मगच कोळी सोडा. ओलाव्यासाठी पाण्याची उथळ वाटी पुरते. दमट जागेतल्या प्रजातींसाठी खालचा थर ओलसर ठेवा, पण कोळ्याच्या अंगावर फवारा मारू नका.

जमिनीवर राहणाऱ्या जातींसाठी उंच पेटी घेऊ नका. त्यांचं पोट जड आणि नाजूक असतं. उंचावरून दगडावर पडला तर ते फुटू शकतं. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. कमी वाटलं तर माती वाढवा. तारेच्या जाळीचं झाकणही टाळा, तिच्यात पायाची नखं अडकतात. झाडावर राहणाऱ्या जातींचं गणित उलटं: उंची, उभी साल आणि आरपार हवा. त्यांतल्याच अव्हिक्युलारिया या गटाला कोंदट ओलावा फार बाधतो.

पहिला आठवडा खाऊ घालायची घाई नको. दिलेला रातकिडा त्याने धरला नाही तर रात्रभर आत सोडू नका. कोळी कात टाकत असेल तर तोच किडा त्याला कुरतडतो. पाठीवर उताणा पडलेला कोळी मेलेला नसतो, बहुधा कात टाकत असतो. त्याला सरळ करायला जाऊ नका, पेटी हलवू नका. नंतरही सुळे पांढऱ्याचे काळे होईपर्यंत खाणं थांबवा.

खरी काळजी करायची ती पाय पोटाखाली मुडपले गेले आणि पोट सुरकुतलं तर. बहुतेकदा पाणी कमी पडलेलं असतं. अलगद उचलून तोंडाची बाजू वाटीच्या काठाशी ठेवा.

वरून दिवा लावून ऊब देऊ नका, अंग सुकतं. पेटीखाली हीट मॅटही (ऊब देणारी विजेची चटई) नको, कारण उष्णता टाळायला तो खाली खणतो आणि नेमका तिच्यावरच पोहोचतो. हाताळणं तर पूर्ण बंद. कोळ्याने पोटावरचे केस झाडले तर ते डोळ्यांना फार त्रास देतात.

काही कोळी बिळाचं तोंड मातीने लिंपून आठवडेच्या आठवडे आत बसतात. खणून काढू नका. वाटीत पाणी भरत राहा.