लेव्हिट आणि ताऱ्यांची अंतरं: या चुका टाळा

‘हेन्रिएटा लेव्हिट यांनी ताऱ्यांची अंतरं मोजली’ हे वाक्य शाळेच्या प्रकल्पांत हमखास सापडतं. ते चूक आहे, आणि त्यामुळे त्यांचं खरं काम झाकलं जातं. हार्वर्डच्या वेधशाळेत त्या पेरूतल्या अरेकिपाहून आलेल्या काचेच्या निगेटिव्ह तपासत. निगेटिव्हवर तारा म्हणजे काळा ठिपका. वेगवेगळ्या रात्रींच्या काचा ताडून पाहायच्या आणि कोणता ठिपका लहानमोठा होतो ते टिपायचं. १९०८ मध्ये त्यांनी मॅगेलनी मेघांतले (आपल्या आकाशगंगेजवळच्या दोन दीर्घिका, एक मोठा मेघ आणि एक छोटा) १७७७ रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे, तारे नोंदवले. १९१२ मध्ये छोट्या मेघातल्या २५ ताऱ्यांवरून नियम मांडला: आवर्तकाल (तेज एकदा कमीजास्त होऊन पूर्ववत व्हायला लागणारा काळ) जितका मोठा, तितका तारा तेजस्वी. हा नियम ज्या पत्रकात छापला त्यावर सही वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांची होती, म्हणून श्रेय त्यांना देऊ नका. हे काम लेव्हिट यांचंच असल्याचं तिथेच लिहिलं आहे.

छोटाच मेघ का, हे सांगायला बहुतेक जण विसरतात. माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. त्या मेघातले तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, म्हणून तिथे जो तारा ठळक दिसतो तो खरोखरच तेजस्वी असतो. हे निसटलं की नियम पाठ होतो, कळत मात्र नाही. पण त्या मेघाचं अंतर तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. १९१३ मध्ये हर्ट्‌झस्प्रुंग यांनी जवळच्या सेफिडांच्या (लेव्हिट यांच्या २५ ताऱ्यांसारख्या रूपविकारी ताऱ्यांच्या) गतीवरून पहिला अंदाज बांधला, तेव्हा कुठे या नियमातून प्रत्यक्ष अंतर काढता येऊ लागलं: आवर्तकालावरून खरं तेज कळतं, ते दिसणाऱ्या तेजाशी ताडलं की अंतर मिळतं.

गणितात हमखास होणारी चूक वर्गाची. समान आवर्तकालाच्या दोन सेफिडांपैकी एक १०० पट मंद दिसत असेल, तर तो १०० नव्हे, १० पट दूर असतो. शिवाय दृश्य प्रत (तारा किती तेजस्वी दिसतो त्याचा आकडा; आकडा लहान तितका तारा ठळक) सरासरी घ्या, एका रात्रीची नको. डेल्टा सेफी या सेफिडाची प्रत ५.३७ दिवसांत साधारण ३.५ ते ४.४ अशी बदलते.

एवढं करूनही उत्तर जुळत नसेल, तर आधी वाटेतली धूळ बघा. धुळीमुळे तारा मंद दिसतो आणि अंतर फुगतं. मग ताऱ्याचा प्रकार तपासा. देवयानी दीर्घिकेचं अंतर हबल यांना सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं मिळालं होतं. आज ते २५ लाख मानतात. सेफिड दोन प्रकारचे असतात आणि त्यांची तेजस्विता वेगळी असते, हे बाडे यांनी १९५२ मध्ये दाखवलं, तेव्हा देवयानीचं अंतर एकदम दुपटीने वाढलं.