चार माणसांची कंपनी आणि पावसाळ्यातला पगार

पुण्यातली नोकरी सोडून मी दापोलीला परत आले आणि हापूस थेट घरपोच द्यायचं ठरवलं, तेव्हा आम्ही चौघं होतो. मी, चुलतभाऊ, पॅकिंगला शेजारच्या काकी आणि ऑर्डरी सांभाळायला नुकता बी.कॉम. झालेला एक मुलगा. तुम्ही असं काही करणार असाल तर अ‍ॅपपासून सुरुवात करू नका. आम्ही त्यात १ लाख ८० हजार घातले, आणि गिऱ्हाईकं व्हॉट्सअ‍ॅपवरच "ताई, दोन डझन पाठवा" लिहीत राहिली.

आधी कागद करा. भावाची आंब्याची कलमं, माझे पैसे, म्हणून अर्धं-अर्धं, असं आम्ही ओटीवर चहा पिता पिता ठरवून टाकलं. घरचंच माणूस, त्यात लिहायचं काय? दुसऱ्या हंगामानंतर त्याला मुंबईत नोकरी लागली आणि कंपनीचा अर्धा हिस्सा बोरिवलीला राहायला गेला. ते निस्तरायला आठ महिने लागले, दोन घरांचं बोलणं बंद झालं ते वेगळंच. आता हिस्सा एकदम देत नाही. दर वर्षी पाव असा चार वर्षांत मिळतो, पहिलं वर्ष पुरं न करता गेलात तर काहीच नाही. हे भागीदारीच्या करारात लिहून घ्या, पहिली पेटी भरायच्या आत.

पहिला पगार मार्केटिंगवाल्याला नको, आंबा कळणाऱ्याला द्या. काकी फळ हातात घेतात, देठाजवळचे खांदे भरलेत का बघतात आणि सांगतात, चौदा आणे तयार आहे की नाही (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार). एका एप्रिलमध्ये म्हणाल्या, "हा बारा आणेच आहे गो, चार दिवस थांबूया." गाडी ठरलेली होती, मी ६० पेट्या रेटल्या. फळं पेंढ्यात पिकायच्या ऐवजी सुरकुतली आणि सगळ्यांचे पैसे परत करावे लागले. तेव्हापासून पेटी थांबवायचा हक्क काकींचा, मला विचारायचंसुद्धा नाही. त्यांनी पहिल्यांदा गाडी अडवली त्या दिवशी मी तोंड उघडेन या भीतीने गोठ्यामागे जाऊन उभी राहिले.

आता पैसे. ते येतात मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, पगार मात्र बारा महिने द्यायचा असतो. मे संपला की जून ते फेब्रुवारी, नऊ महिन्यांचे सगळ्यांचे पगार वेगळ्या खात्यात टाका. त्या खात्याचं कार्ड काढूच नका. ते बाजूला काढून उरेल ते तुमचं. पहिल्या वर्षी मी भरलेलं खातं बघून टेम्पो घेतला आणि श्रावणात काकींना "पुढच्या आठवड्यात देते हां" म्हणायची वेळ आली. त्या काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

पावसात हाताला कामही हवं. मेमध्ये रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं, आगळ (रस) मीठ घालून बरण्यांत ठेवतो, जूनपासून बाटल्या भरणं आणि लेबलं लावणं चालतं. आमसुलं, म्हणजे त्याच फळांची वाळवलेली सालं, उन्हाची, ती पावसाच्या आत उरकावी लागतात.

दर सोमवारी सगळे बसतो. आमच्याकडे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. "होईल हो" ऐकलंत की होणार नाही असं धरून चाला. म्हणून "जमेल का?" विचारणं मी सोडलं, "कशात अडेल?" विचारते. मग भडाभडा बाहेर येतं.

गणपतीची सुट्टी सोपी, तेव्हा आंबा नसतो. शिमगा मात्र नेमका पहिल्या पेट्यांच्या तोंडावर येतो. कुणाच्या घरी ग्रामदेवतेची पालखी कधी येणार ते आधीच विचारून कॅलेंडरवर लिहा, आणि त्या दिवशी त्या माणसाला फोनही करू नका.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, वीज गेली, मोबाईल बंद. उधारीची अख्खी यादी फोनमध्ये. आता ऑर्डरी सांभाळणारा मुलगा रोज संध्याकाळी ती वहीत उतरवतो. अक्षर असं, की वाचायला त्यालाच बोलवावं लागतं.