सोलहून डीएमझेड पाहायला जाताय? शेवटचा दिवस ठेवू नका

कोरियाच्या सहलीत बरेच जण उत्तर-दक्षिण सीमेवरच्या डीएमझेडची (दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्याची) टूर अगदी शेवटच्या दिवशी ठेवतात. तो दिवस सोमवार निघाला की ती पाहायची राहूनच जाते, कारण सोमवारी उत्तर कोरियाने सीमेखालून खणलेला ‘तिसरा बोगदा’ आणि डोरा निरीक्षण केंद्र बंद असतं. शिवाय लष्करी कारणाने टूर ऐनवेळी रद्दही होऊ शकते.

म्हणून असं करा:

१. सोलला पोचल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच टूर ठेवा, मंगळवार ते शुक्रवार. रद्द झाली तरी हाताशी दुसरा दिवस राहतो. कोरियन सणांच्या सुट्ट्याही तपासा.

२. मूळ पासपोर्ट आदल्या रात्रीच पाठपिशवीत टाका. वाटेत नाक्यावर तपासणी होते. तिथे झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही, आणि हॉटेलच्या लॉकरमध्ये राहिलेला पासपोर्ट आणायला बस मागे फिरत नाही.

३. पैसे भरण्याआधी कार्यक्रमात नेमकं काय आहे ते वाचा. पानमुनजोम या सीमेवरच्या ठिकाणचे, दोन्ही बाजूंच्या बोलण्यांसाठीचे निळे बराकवजा हॉल नेहमीच्या टूरमध्ये नसतात. अनेकांचा हिरमोड इथेच होतो.

४. आकाश स्वच्छ असेल असा दिवस निवडा. डोराच्या दुर्बिणीतून उत्तर कोरियातल्या केसाँग शहराच्या बाजूचा प्रदेश दिसतो, पण जुलैच्या पावसाळी धुरकट हवेत फारसं काही दिसत नाही.

एक जपा: १९७८ मध्ये सापडलेला तिसरा बोगदा जमिनीखाली सुमारे ७३ मीटर आहे. उतरताना सोपं वाटतं, पण परतीचा चढ चांगलाच दमवतो. गुडघे, हृदय किंवा दम्याचा त्रास असलेल्या आई-बाबांना वरच थांबू द्या.